मंडईचें रिंगण आणि मायक्रोफोनांची मांडणी

दिवाळी होते, हलकें धान कापून होतें, आणि साकोलीच्या आसपासच्या खेड्यांतून मंडई भरूं लागते. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं, असा तिचा फेरा असतो. गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत दुकानें लागतात, पाळणे उभे राहतात, लेकी-जांवई जमतात, आणि दुपारच्या उन्हांत दंडार उभी राहते. मध्यें दंडारीचे कलावंत, भोंवतीं माणसांचें रिंगण. या रिंगणाच्या कडेला जो मनुष्य डोळे मिटून क्षणभर उभा राहील, त्यास न पाहतां पुष्कळ कांहीं कळेल. ढोलकी समोर, पण किंचित् उजवीकडे आहे. गाणारा डावीकडे सरकत चालला आहे. त्याच्या मागें झील धरणारे दोघे-तिघे आहेत. पाठीशीं कोणी म्हातारी नातवाला दटावीत आहे. दूर डाव्या अंगास जिलेबीच्या कढईपाशीं गलका आहे. आणि त्याहि पलीकडे दुसरी दंडार सुरू झाली असून तिच्या टाळांचा आवाज वाऱ्यासरसा येतो आणि जातो. एवढें सर्व केवळ दोन कानांनीं, एका क्षणांत, कांहींहि प्रयत्न न करितां कळतें.

आतां याच दंडारीचें ध्वनिमुद्रण ऐकावें. बहुधा तें कोणाच्या तरी मोबाइलवर केलेलें असतें, नाहींतर कर्ण्यास जोडलेल्या मायक्रोफोनाच्या तारेंतून परस्पर घेतलेलें असतें. शब्द कळतात, ठेकाहि कळतो. परंतु रिंगण मात्र नाहींसें झालेलें असतें. शाहीर, झीलकरी, ढोलकी, म्हातारी, कढई, सारीं एकाच भोंकांतून बाहेर पडत असल्यासारखीं वाटतात. कोणी कोणास उत्तर दिलें आणि तें कोणत्या बाजूनें दिलें, हें समजण्यास मार्ग उरत नाहीं. तांदूळ आणि उडीद एकत्र दळावे आणि मग पिठांतून उडीद निराळा करूं म्हणावें, तसा हा प्रकार आहे. अलीकडे गणकयंत्रांच्या साहाय्यानें अशा एकेरी मुद्रणांतून आवाज वेगळे काढून ते चोहोंकडे पसरून दाखवितात, हें खरें. परंतु तो यंत्राचा तर्क होय, त्या दिवशींची साक्ष नव्हे.

ही गोष्ट केवळ हौसेची नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. दंडार आणि खडी गंमत ह्या तेथील जुन्या लोककला. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं झाडीबोलीचा आणि या कलांचा परिश्रमपूर्वक शोध घेतला, तरीहि त्यांचा पुष्कळसा भाग आजहि तोंडींच आहे. पद कागदावर उतरवितां येतें. झील कोणत्या क्षणीं, कोठून आणि किती दुरून आली, हें कागदावर उतरत नाहीं. जे वृद्ध कलावंत आज गात आहेत, त्यांच्यामागें जें मुद्रण उरेल तेंच पुढील पिढीचें प्रमाण ठरणार. म्हणून तें कसें करावें याचा विचार आधीं झाला पाहिजे. मागाहून तो करून उपयोग नाहीं.

प्रथम कानांचें कार्य समजून घेतलें पाहिजे. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. तलावाच्या पलीकडील कांठावर कोणी धुणें आपटीत असेल, तर हात खालीं आलेला आधीं दिसतो आणि आवाज मागाहून येतो. अंतर १७० मीटर असेल तर अर्ध्या सेकंदानें येतो. हेंच अत्यंत लहान प्रमाणांत दोन कानांच्या बाबतींत घडतें. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानास आधीं आणि डाव्या कानास नंतर पोंचतो. हें अंतर फार झालें तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढें भरतें. इतकें सूक्ष्म, तरी मेंदू तें बिनचूक मोजतो. शिवाय मस्तक मध्यें आड येत असल्यामुळें पलीकडील कानास आवाज थोडा मंदहि लागतो. त्यांतून मंजिरीसारखा बारीक आवाज अधिक अडतो, ढोलकीचा भरदार आवाज मस्तकास वळसा घालून जातो. भरदार आवाजाची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून आणि बारीक आवाजाची दिशा तीव्रतेच्या फरकावरून कळते, हें लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं दाखवून दिलें. वर-खालचें आणि पुढचें-मागचें ज्ञान होण्यास कानाच्या पाळीच्या घड्या उपयोगी पडतात. आणि तरीहि शंका राहिली, तर मनुष्य नकळत मान वळवून पाहतो.

यावरून मायक्रोफोनाची अडचण ध्यानांत येईल. तो एका बिंदूपाशीं हवेची होणारी हालचाल टिपतो. ती हालचाल कोणत्या दिशेनें आली, हें त्यास एकट्यास सांगतां येत नाहीं. दिशा एका कानांत नसते, ती दोन कानांमधील फरकांत असते. म्हणून अनेक मायक्रोफोन मांडावयाचे ते त्यांची संख्या वाढविण्यासाठीं नव्हे, तर त्यांच्यांत योग्य फरक पडावा यासाठीं. तो फरक दोन गोष्टींवर अवलंबून असतो: त्यांच्यांतील अंतर आणि त्यांच्यांतील कोन. या शास्त्राचा बहुतेक सर्व खटाटोप या दोहोंभोंवतीं आहे.

हा विचार आजकालचा नाहीं. १८८१ सालीं पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें तेथील संगीतनाट्यगृहाच्या रंगमंचावर टेलिफोनाचे ग्राहक ओळीनें मांडले आणि त्यांच्या तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या. दोन कानांस दोन निरनिराळे टेलिफोन लावून ऐकणाऱ्यांस गायक रंगमंचावर इकडून तिकडे जात असल्याचा भास झाला. पुढें अर्धें शतक लोटलें. १९३१ च्या मार्चमध्यें मुंबईस 'आलम आरा' हा बोलपट लागला, आणि १९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठी बोलूं लागला. नट पडद्याच्या कोणत्याहि टोंकास असो, त्याचा आवाज एकाच जागेवरून येई. लोकांस बोलण्याचेंच इतकें नवल होतें कीं ही उणीव कोणाच्या मनांत आली नसावी. इंग्लंडांत मात्र ती ॲलन ब्लमलीन या तरुण इंजिनियरास टोंचली. पत्नीसह चित्रपट पाहत असतां ही गोष्ट त्याच्या ध्यानांत आली, असें सांगतात. १९३१ च्या डिसेंबरांत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला. दोन मायक्रोफोनांनीं दिशेसह ध्वनि टिपण्याची आज चालू असलेली पुष्कळशी विद्या त्या एका अर्जांत आहे. १९४२ सालीं, युद्धकाळांत, रडारच्या चांचणीसाठीं उडालेल्या विमानास अपघात होऊन तो मरण पावला. तिकडे अमेरिकेंत १९३३ च्या एप्रिलमध्यें बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर यानें फिलाडेल्फियांतील वाद्यवृंद तीन मायक्रोफोन, तीन तारा आणि तीन लाउडस्पीकर यांच्या योगें वॉशिंग्टनच्या सभागृहांत ऐकविला.

यांतून दोन संप्रदाय निर्माण झाले. पहिल्यांत दोन्ही मायक्रोफोन एकाच जागीं, एकावर एक, परंतु निरनिराळ्या दिशांस तोंडें करून ठेवतात. आवाज दोघांस एकाच क्षणीं पोंचतो. फरक पडतो तो केवळ तीव्रतेचा. यासाठीं एका दिशेस जास्त आणि दुसऱ्या दिशेस कमी ऐकणारे मायक्रोफोन लागतात. कांहीं समोरचें अधिक आणि पाठीमागचें जवळजवळ मुळींच ऐकत नाहींत. त्यांच्या ऐकण्याचा आलेख काढला तर तो हृदयाच्या आकाराचा येतो, म्हणून त्यांस हृदयाकृति म्हणावें. दुसरे पुढचें आणि मागचें सारखें ऐकतात, पण दोन्ही कुशींस बहिरे असतात. त्यांचा आलेख आठाच्या आकड्यासारखा असतो, अर्थात् इंग्रजी आठाच्या, मराठी आठाच्या नव्हे. ब्लमलीनची जोडी या दुसऱ्या जातीची, परस्परांशीं काटकोन करून ठेवलेली. तिच्यांत दिशा रेखीव येते.

दुसरा संप्रदाय मायक्रोफोन दूर दूर ठेवणारांचा. त्यांत फरक मुख्यतः वेळेचा पडतो. दिशा तितकी रेखीव राहत नाहीं, परंतु आवाज मोकळा, हवेशीर वाटतो. लंडनच्या डेक्का कंपनीच्या इंजिनियरांनीं १९५४ च्या सुमारास सर्व दिशांचें सारखें ऐकणारे तीन मायक्रोफोन घेऊन त्यांचा त्रिकोण केला: डावा आणि उजवा यांत सुमारें दोन मीटर अंतर, आणि तिसरा मध्यभागीं सुमारें दीड मीटर पुढें. पुढें अनेक दशकें पाश्चात्य वाद्यवृंदांचीं उत्कृष्ट मुद्रणें या त्रिकोणानें झालीं. फ्रान्सच्या नभोवाणीनें मधला मार्ग काढला: हृदयाकृति दोन, त्यांच्यांत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, म्हणजे जवळजवळ मनुष्याच्या दोन कानांइतकेंच अंतर.

येथें एक इशारा दिला पाहिजे. दूर ठेवलेल्या मायक्रोफोनांचे आवाज पुढें एकाच तारेंत मिसळले तर हानि होते. एका आवाजास दोन मायक्रोफोनांपर्यंत पोंचण्यास ३४ सेंटिमीटरांचा फरक पडला, तर तो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा मागेंपुढें होतो. आणि मग ज्या स्वराचीं सेकंदास ५०० कंपनें होतात, त्याची एकीकडील उचल दुसरीकडील उतारावर पडून तो स्वर विरून जातो. १५०० आणि २५०० कंपनांचेंहि तसेंच. आवाजास फणीच्या दात्यांसारख्या फटी पडतात. गांवच्या समारंभांत एका वक्त्यापुढें दोन-चार मायक्रोफोन उभे करून ते सारे एकाच कर्ण्यांत सोडतात, तेव्हां त्याचा आवाज मडक्यांतून आल्यासारखा कां होतो, याचें एक कारण हें आहे. चार मायक्रोफोन असले म्हणजे चौपट चांगलें, ही समजूत सोडून द्यावी.

आतांपर्यंतच्या रचना समोरच्या रंगमंचासाठीं होत. झाडीपट्टीचें रात्रीचें नाटक घ्यावें. मंडईच्या आणि शंकरपटाच्या निमित्तानें हीं नाटकें रात्र रात्र चालतात. वडसा देसाईगंज हें नाट्यमंडळ्यांचें मोठें ठाणें आहे. आणि या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. नाटकांत नट समोर असतात, प्रेक्षक एका बाजूस बसतात. अशा ठिकाणीं पुढें त्रिकोण लावावा आणि मागें मंडपाचा निनाद व प्रेक्षकांचा हुंकार यांसाठीं आणखी चार मायक्रोफोन ठेवावे, म्हणजे काम भागतें. त्या चोहोंसाठीं जपानच्या नभोवाणीचे किमिओ हामासाकी यांची युक्ति चांगली आहे. ते आठाच्या आकाराचे चार मायक्रोफोन दोन-तीन मीटर बाजूच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर ठेवतात आणि त्यांची बहिरी कूस रंगमंचाकडे करतात. त्यामुळें नटाचें बोलणें त्यांत फारसें शिरत नाहीं, दोन्ही बाजूंनीं उलटून येणारा निनादच तेवढा येतो. मनुष्यास आपण आवाजाच्या आंत आहों असें वाटतें, तें मुख्यतः या कुशींकडून येणाऱ्या निनादामुळें.

दंडारीची गोष्ट निराळी आहे. तिला समोर अशी बाजू नाहीं. आणि येथें प्रचलित पांच लाउडस्पीकरांची व्यवस्था अपुरी पडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९० नंतरच्या दशकांत जी मांडणी प्रमाण मानली तींत एक लाउडस्पीकर समोर, दोन समोरून तीस-तीस अंशांवर आणि दोन सुमारें ११० अंशांवर, म्हणजे कुशींच्या किंचित् मागें असतात. समोर तीन जवळ जवळ आणि कुशींस मोठी पोकळी. चित्रपटास हें ठीक, कारण पडदा समोर असतो. परंतु पुढच्या व मागच्या लाउडस्पीकरांच्या मध्यें, थेट कानासमोर, जो आवाज उभा करावयाचा तो तेथें स्थिर राहत नाहीं. मान थोडी हलली कीं तो पुढें किंवा मागें उडी मारतो. मनुष्याच्या दोन कानांमध्यें रेषा कल्पिली तर समोरची जोडी त्या रेषेच्या मध्यावर पडते, कुशीची जोडी मात्र सारी एकाच कानाच्या बाजूस पडते. तेव्हां समोरची युक्ति तेथें चालत नाहीं. शाहीर रिंगणांतून फिरूं लागला म्हणजे या मांडणींत तो चालत नाहीं, टप्प्याटप्प्यानें उडतो.

पॅरिस येथें राहून काम केलेले इंग्रज इंजिनियर मायकेल विल्यम्स यांनीं या प्रश्नास मुळापासून हात घातला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: वर्तुळाकार ठेवलेल्या मायक्रोफोनांपैकीं शेजारशेजारचे दोन घ्यावे. ती जोडी आपल्यापुढील ठराविक कोनांतील आवाज दोन लाउडस्पीकरांच्या मध्यें नीट बसविते. त्याबाहेरचा आवाज एका टोंकास चिकटतो. हा कोन अंतरावर आणि तोंडांच्या दिशेवर अवलंबून असतो. मग पुढील जोडीचा कोन जेथें पहिलीचा संपतो तेथेंच सुरू झाला पाहिजे. कमी पडला तर फट राहते, अधिक झाला तर एकच मनुष्य दोन ठिकाणीं ऐकूं येतो. बांधीला बांधी लागून असावी, मध्यें धुरा एकच असावा, हें धानाच्या मुलखांत कोणासहि समजावून सांगण्याची गरज नाहीं. येथील हिशोब तोच आहे. हृदयाकृति चार मायक्रोफोन, प्रत्येकाचें तोंड काटकोनांत बाहेरच्या बाजूस, शेजाऱ्यांत सुमारें २५ सेंटिमीटर अंतर, अशी चौकट केली तर प्रत्येक जोडीच्या वांट्यास जवळजवळ ९० अंश येतात, आणि चार नव्वदें तीनशें साठ. जर्मन नभोवाणीच्या संशोधनसंस्थेनें भोंवतालचा परिसर टिपण्यासाठीं वीस-पंचवीस सेंटिमीटरांचा जो चौफुला प्रचारांत आणला तो याच हिशोबाचा. अंतर कमी केलें तर आवाज एकमेकांत मिसळून मध्येंच गोळा होतो. फार वाढविलें तर चार कोपरे तेवढे वाजतात आणि मधली भिंत पडते.

दुसरा मार्ग ऑक्सफर्डच्या मायकेल गर्झन यांचा. गणितांत विलक्षण गति असलेल्या या माणसानें १९७० नंतरच्या दशकांत असा विचार मांडला कीं, कोणत्या लाउडस्पीकरासाठीं मुद्रण करावयाचें हा प्रश्नच सोडून द्यावा आणि एका बिंदूपाशींचें ध्वनीचें संपूर्ण रूप टिपावें. चार त्रिकोणी बाजूंच्या लहानशा घनाकृतीच्या चार पृष्ठांवर चार ग्राहक बसवावे, आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्या करून चार राशि काढाव्या: एक सर्व दिशांची बेरीज, दुसरी पुढें-मागें, तिसरी डावें-उजवें आणि चौथी वर-खालीं. एवढ्या चार राशि हातीं असल्या कीं मागाहून ऐकणाऱ्याचें तोंड हव्या त्या दिशेस वळवितां येतें, चार लाउडस्पीकरांवर ऐकवितां येतें, आठांवर ऐकवितां येतें, हेडफोनावरहि ऐकवितां येतें. यंत्र मुठींत मावेल एवढें. काठीच्या टोंकास एकटें उभें राहतें. गर्झनच्या हयातींत या पद्धतीस बाजारांत फारसें यश आलें नाहीं. मोबाइल आणि हेडफोन यांच्या काळांत मात्र तिचें नशीब उघडलें. तिचा दोष असा कीं चारच राशींत दिशा थोडी पुसट राहते, आणि लाउडस्पीकरांवर ऐकतां बरोबर मध्यभागीं बसणारासच पुरतें सुख मिळतें. बत्तीस ग्राहकांचे गोलक निघाले आहेत, त्यांनीं दिशा तीक्ष्ण होते. पण ते खर्चाचें काम आहे.

उंचीविषयीं थोडकेंच सांगणें पुरे. २०१२ सालापासून चित्रपटगृहांत डोक्यावरूनहि आवाज येऊं लागले, आणि जपानी नभोवाणीच्या एका व्यवस्थेंत तीन थरांत मिळून बावीस लाउडस्पीकर असतात. साहजिकच मायक्रोफोनांचाहि वरचा थर किती उंच असावा, हा प्रश्न आला. इंग्लंडांतील हडर्सफील्ड विद्यापीठांत ह्युनकूक ली आणि त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं वरच्या थराची उंची शून्यापासून दीड मीटरपर्यंत बदलली तरी ऐकणारांस म्हणण्यासारखा भेद वाटत नाहीं. वरच्या मायक्रोफोनांनीं समोरचा थेट आवाज कमी घेतला पाहिजे, एवढेंच महत्त्वाचें. कान आडवे दोन आहेत, उभे दोन नाहींत, हें ध्यानांत घेतलें तर यांत नवल नाहीं. याच विद्यापीठांनें २०१९ सालीं एकाच सभागृहांत, एकाच वेळीं, अनेक निरनिराळ्या मांडण्यांनीं केलेलीं मुद्रणें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. ज्यास पद्धतींतील भेद स्वतःच्या कानांनीं पारखावयाचा असेल, त्यानें तीं अवश्य ऐकावीं. मंडईंत डोक्यावर छत नाहीं. आभाळाकडून निनाद येत नाहीं. तेथें उंचीसाठीं पैसा घालविण्याचें कारण नाहीं. नागझिऱ्याच्या अरण्यांत पहांटे पक्ष्यांचें मुद्रण करावयाचें असेल तर गोष्ट वेगळी: तेथें खरोखरच वरून आवाज येतो, पुढें-मागें असें कांहीं नसतें, आणि गर्झनचें चौमुखी यंत्र तेथें शोभून दिसतें.

दंडारीसाठीं मांडणी ठरली तरी ती ठेवावी कोठें, हा खरा वादाचा प्रश्न आहे. पुष्कळांस मोह होतो तो रिंगणाच्या मध्यभागीं ठेवण्याचा; भोंवतीं कलावंत फिरतील आणि ऐकणारास मोठा चमत्कार वाटेल. परंतु त्या जागीं कोणताहि प्रेक्षक कधीं उभा राहिलेला नाहीं. शिवाय मध्यें खांब रोवला कीं नाचणाऱ्यांचीं पावलें त्यास चुकवूं लागतात. म्हणजे मुद्रणासाठीं दंडारच बदलली. त्यापेक्षां मांडणी रिंगणाच्या कडेला, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेंत असावी, हें अधिक योग्य. मग पुढच्या अर्ध्या वर्तुळांत शाहीर, झीलकरी आणि ढोलकी, आणि मागच्या अर्ध्यांत गांव. शाहिराच्या पदावर मागून कोणी दाद दिली तर ती मागूनच येईल. पुढून झील उठली तर ती पुढूनच उठेल. ज्याच्यासाठीं हें मुद्रण करावयाचें, त्यास त्या रिंगणांतील एका माणसाची जागा देणें, एवढेंच त्याचें काम आहे. केवळ शब्दांसाठीं शाहिराच्या अंगरख्यास एक लहान मायक्रोफोन लावावा, पण त्याचा ट्रॅक निराळा ठेवावा.

व्यवहारांतल्या अडचणी बारीकसारीक, परंतु मुद्रण बिघडतें तें बहुधा त्यांच्यामुळेंच. मांडणी माणसांच्या डोक्यांवर, दोन-अडीच मीटर उंच असावी. बांबू चालतो, मात्र तो हलतां कामा नये. प्रत्येक मायक्रोफोनास वाऱ्याचें लोंकरी आवरण पाहिजे, नाहींतर माघाच्या वाऱ्यांत सारें मुद्रण गडगडाटानें भरून जातें. रात्रीं दंव पडूं लागलें कीं नाजूक मायक्रोफोन ओलाव्यानें तडतडूं लागतात.  ढोलकीची थाप गाण्यापेक्षां पुष्कळ चढी असते, म्हणून आवाजाची पातळी ठरवितांना थापेकडे पाहावें, गाण्याकडे पाहूं नये. आणि एकदां ठरविली कीं पुन्हां हात लावूं नये, चोहोंची पातळी तर तंतोतंत सारखी पाहिजे. एक वाढली कीं सारी मंडई त्या बाजूस कलते. मंडईंतील कर्णे हा मोठा शत्रु. तेवढा वेळ ते बंद ठेवण्याची विनंति करावी. न ऐकल्यास कर्णा मांडणीच्या मागें येईल अशी जागा निवडावी, म्हणजे निदान तो मागेंच राहील.

चार मायक्रोफोनांची सोय नसेल तर? दोन हृदयाकृति घेऊन फ्रेंच पद्धतीनें, १७ सेंटिमीटर आणि ११० अंश, अशी जोडी रिंगणाच्या कडेला लावावी. मागचें गांव जाईल, पण निदान पुढचें अर्धें रिंगण उभें राहील. किंवा मनुष्याच्या मस्तकाची प्रतिकृति करून तिच्या कानांत दोन लहान मायक्रोफोन बसवावे. ही युक्तिहि जुनीच: १९३३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत बेल प्रयोगशाळेनें असा एक पुतळा लोकांस ऐकविला होता. हें मुद्रण हेडफोनावर ऐकलें तर पाठीमागची म्हातारी पाठीमागेंच बोलते, लाउडस्पीकरांवर मात्र तें मुळींच साधत नाहीं. प्रत्येकाच्या पाळ्या निराळ्या, त्यामुळें कोणास समोरचा आवाज मागून आल्यासारखाहि वाटतो. आज खेड्यापाड्यांतून लोक हेडफोन लावूनच ऐकतात, तेव्हां हा स्वस्त मार्ग अगदींच टाकाऊ नव्हे.

मुद्रण झाल्यावर चारहि ट्रॅक जसेच्या तसे, न मिसळतां, निरनिराळे जपून ठेवावे. आज ऐकण्यासाठीं त्यांची स्टीरिओ प्रत हवी तर खुशाल करावी, पण मूळ मोडूं नये. आज दोन लाउडस्पीकर आहेत, उद्यां आठ असतील. सोबत एका कागदावर मायक्रोफोनांची जात, त्यांतील अंतर, कोन, जमिनीपासून उंची, आणि कोणता मायक्रोफोन कोणत्या दिशेस होता हें लिहून ठेवावें. कागद हरवतो, म्हणून तेंच मुद्रणांतहि असावें. दंडार सुरू होण्यापूर्वीं एकानें मांडणीपासून तीन-चार मीटरांवर उभें राहून तिच्याभोंवतीं फेरी घालावी, आणि चार ठिकाणीं थांबून मोठ्यानें एकेक टाळी वाजवावी व तोंडानें सांगावें: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर.